तिबेटचा वारस कोण ठरवणार? स्वयंनिर्णयाचा हक्क आणि आपली कसोटी

२ जुलै २०२५ रोजी चौदाव्या दलाई लामांनी धर्मशाळेतून एक निवेदन काढले. दलाई लामा ही संस्था पुढे चालू राहील, पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त गाडेन फोड्रांग ट्रस्टला असेल आणि त्यात इतर कुणी ढवळाढवळ करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. चार दिवसांनी त्यांनी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली. चीनचे उत्तर लगेच आले. वारसाची निवड सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून होईल आणि तिला केंद्र सरकारची मान्यता लागेल. भारत सरकारने मात्र श्रद्धा आणि धर्माच्या बाबतीत आपण कोणतीही भूमिका घेत नाही, असे सांगून विषय मिटवला.

आपल्याकडच्या तरुणांच्या गटांत या बातमीवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी 'जगभर बौद्धांवर अन्याय होतोय' म्हणून पोस्ट फिरवल्या. काहींनी उलट विचारले, 'अवतार आणि पुनर्जन्म बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाहीत, मग यात आपले काय?' आम्हाला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. आत्म्याचा पुनर्जन्म बाबासाहेबांनी नाकारला, आम्हीही मानत नाही. पण इथला वाद त्याचा नाही. आपल्या संस्था, आपले पुढारी आणि आपले भवितव्य एखाद्या लोकसमूहाने स्वतः ठरवायचे, की त्याच्यावर राज्य करणाऱ्या सत्तेने, असा हा वाद आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात याला स्वयंनिर्णयाचा हक्क म्हणतात. हा हक्क नीट समजून घेतला नाही तर तिबेटबद्दलचा आपला पाठिंबा नुसता धर्मबंधुत्वाचा राहील, आणि तसा पाठिंबा अडचणीच्या वेळी टिकत नाही.

दोन तत्त्वे, एक भांडण

सार्वभौमत्व म्हणजे आपल्या हद्दीत अंतिम शब्द राज्याचा. स्वयंनिर्णय म्हणजे ते राज्य कुणाचे असावे आणि कसे चालावे हे लोकांनी ठरवायचे. ही दोन तत्त्वे शेजारी शेजारी ठेवली की भांडण आलेच, कारण जगातल्या जवळजवळ प्रत्येक राज्यात असा एखादा समूह असतो ज्याला त्या राज्याबद्दल तक्रार असते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लेनिन आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन या दोन टोकांच्या माणसांनी स्वयंनिर्णयाचा पुरस्कार केला. पण युद्ध संपल्यावर तो लागू झाला मुख्यतः हरलेल्या साम्राज्यांच्या मुलखाला. भारत, इजिप्त, कोरिया यांच्या वाट्याला तो आला नाही. १९२०-२१ मध्ये ऑलंड बेटांचे प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेले. तिथले स्वीडिश भाषक लोक फिनलंड सोडून स्वीडनमध्ये जायला तयार होते. राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडकडेच ठेवली, पण त्या लोकांच्या भाषेला आणि स्वायत्ततेला पक्की हमी दिली. ती व्यवस्था शंभर वर्षांनंतरही चालू आहे. वेगळे राज्य न देताही स्वयंनिर्णयाचा आशय जपता येतो, याचे हे जुने उदाहरण.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत स्वयंनिर्णयाचे तत्त्व आले. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव क्रमांक १५१४ मंजूर केला. बाजूने ८९ मते, विरोधात एकही नाही, ९ देश तटस्थ. सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असे या ठरावाचे दुसरे कलम म्हणते. देशाची प्रादेशिक अखंडता मोडण्याचा प्रयत्न सनदेशी विसंगत आहे, असे सहावे कलम म्हणते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने कुंपण घातले.

या कुंपणाला अभ्यासक 'खाऱ्या पाण्याचा सिद्धांत' म्हणतात. राज्य करणारा देश आणि ज्याच्यावर राज्य केले जाते तो मुलूख यांच्यामध्ये समुद्र असेल, तर ती वसाहत. मध्ये फक्त डोंगर असेल, तर तो अंतर्गत प्रश्न. याचा व्यवहारात काय परिणाम होतो ते पूर्व तिमोरकडे पाहून कळते. इंडोनेशियाने हा प्रदेश बळाने ताब्यात घेऊन १९७६ मध्ये आपल्यात विलीन करून टाकला. पण तो पूर्वी पोर्तुगालची वसाहत होता. त्यामुळे राष्ट्रसंघाच्या 'स्वशासन नसलेल्या प्रदेशां'च्या यादीत त्याचे नाव राहिले. त्या नोंदीच्या जोरावर प्रश्न जिवंत राहिला. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. तिबेट त्या यादीत कधीच नव्हता. त्याच्यावर आलेली सत्ता समुद्रापलीकडून आलेली नव्हती, एवढेच त्याचे दुर्दैव.

तिबेट: कायद्याच्या कागदावर

चीनचा दावा इतिहासाचा आहे. युआन आणि छिंग घराण्यांच्या काळापासून तिबेट आमचा, असे तो म्हणतो. सोन्याचा कलशही १७९३ च्या छिंग फर्मानातून येतो. मधल्या काळात ब्रिटिशांनी आपल्या सोयीसाठी 'सुझरेंटी' म्हणजे अधिराज्य हा शब्द वापरला. आतला कारभार तिबेटचा, पण वरचा मान चीनचा, असा त्याचा अर्थ. व्हाईसरॉय कर्झनने १९०३ मध्येच या अधिराज्याला कल्पित म्हटले होते, तरी १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने आपसात करार करून त्यालाच मान्यता दिली. तिबेटी लोकांना कुणी विचारले नाही.

छिंग सत्ता कोसळल्यावर तेराव्या दलाई लामांनी १९१३ मध्ये तिबेट स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. पुढची सदतीस वर्षे तिबेटचे स्वतःचे सरकार, सैन्य, चलन आणि टपाल होते. दुसऱ्या महायुद्धात तो तटस्थ राहिला. पण ल्हासाच्या सत्ताधाऱ्यांनी बाहेरच्या जगाशी पुरेसे संबंध जोडले नाहीत. मठांनी आधुनिक शाळेला आणि सैन्याच्या वाढीला विरोध केला. मोठ्या देशांची औपचारिक मान्यता मिळाली नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य आत आले तेव्हा तिबेटने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली आणि फक्त एल साल्वादोर हा छोटासा देश विषय घेऊन उभा राहिला. प्रश्न शांततेने सुटेल असे भारताच्या प्रतिनिधीने सांगितले आणि विषय पुढे ढकलला गेला. २३ मे १९५१ रोजी सतरा कलमी करारावर सह्या झाल्या. तिबेटची चालू राजकीय व्यवस्था आणि दलाई लामांचे स्थान बदलणार नाही, असे वचन त्यात होते. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि हे वचन कागदावरच राहिले.

त्यानंतर आमसभेने १९५९, १९६१ आणि १९६५ मध्ये तिबेटवर तीन ठराव केले. १९६१ च्या ठरावात तिबेटी लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५९ मध्ये भारत तटस्थ राहिला. १९६५ मध्ये, म्हणजे चीनशी युद्ध होऊन गेल्यावर, भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. पुढे २००३ मध्ये भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले. २००८ मध्ये ब्रिटननेही अधिराज्याची जुनी भाषा सोडून तिबेट चीनचा भाग असल्याचे सांगितले. तिबेटी लोकांचा हक्क तोच होता. बदलत गेली ती देशांची गरज.

इतिहासाच्या दाव्याबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७५ मध्ये पश्चिम सहाराच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे मोरोक्कोने असाच दावा केला होता. तिथल्या काही टोळ्या आमच्या सुलतानाला मानत होत्या, म्हणून मुलूख आमचा. न्यायालयाने सांगितले की निष्ठेचे असे संबंध होते, पण त्यातून प्रदेशावरचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि लोकांच्या स्वयंनिर्णयाला ते आडवे येत नाहीत. बादशहाने दिलेला सोन्याचा कलश पुढे करणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. अर्थात निकाल एक आणि सत्ता एक. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने पश्चिम सहारासाठी मोरोक्कोच्याच स्वायत्तता योजनेला चर्चेचा आधार ठरवले. न्यायालयाच्या मतानंतर पन्नास वर्षे झाली, सहारावी लोकांना अजून कौल देता आलेला नाही.

बाबासाहेबांनी काय पाहिले होते

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात 'चीनचा तिबेट प्रदेश' असा उल्लेख असलेला करार झाला. पंचशील त्याच करारात आले. एकमेकांच्या अखंडतेचा आणि सार्वभौमत्वाचा आदर, आक्रमण न करणे, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे अशी पाच तत्त्वे. ही सगळी राज्यांनी राज्यांना दिलेली वचने आहेत. ज्यांच्या भूमीबद्दल करार झाला त्या लोकांचा त्यात पत्ता नाही.

ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा महत्त्वाचा भाग आहे, माओंचा त्यावर खरा विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असे ते म्हणाले. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ देऊन आपण त्याची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवली, हा इशाराही त्यांनी दिला. त्या कराराची मुदत आठ वर्षांची होती. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले.

पण बाबासाहेबांचे याहून मोलाचे काम त्यांच्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात आहे, जो पहिल्यांदा १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जमात आणि राष्ट्र यांत फरक केला. वेगळेपण असूनही जो समूह इतरांबरोबरचे समान भवितव्य स्वीकारतो, तो जमात. जो ते भवितव्यच नाकारतो, तो राष्ट्र. जमातीला संरक्षणाचे, राज्यपद्धती बदलून मागण्याचे हक्क असतात. राष्ट्राला वेगळे होण्याची मागणी करता येते. आज आंतरराष्ट्रीय कायदा 'अंतर्गत' आणि 'बाह्य' स्वयंनिर्णय अशी जी विभागणी करतो, तिच्या अगदी जवळ जाणारी ही मांडणी आहे.

स्वयंनिर्णय घेणारे 'लोक' नेमके कोण, हा या विषयातला सगळ्यांत अवघड प्रश्न. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी काश्मीरबाबत तोच विचारला. संपूर्ण राज्याचे एकच सार्वमत घेतले तर जम्मूचे हिंदू आणि लडाखचे बौद्ध त्यांच्या मर्जीविरुद्ध ओढले जातील, म्हणून घ्यायचेच तर खोऱ्यापुरते घ्या, असे ते म्हणाले. त्यांच्या तोडग्याशी कुणी सहमत असो वा नसो, प्रश्न बिनतोड आहे. मतदान कोणत्या सीमेत घ्यायचे हे ठरवणाराच पुष्कळदा निकालही ठरवून टाकतो.

'आम्ही गुलामांना सोडवले'

चीनचा एक युक्तिवाद आपल्या तरुणांना थोडा पटतो, म्हणून त्याला सरळ भिडले पाहिजे. जुन्या तिबेटात जमिनी मठांच्या आणि सरदार घराण्यांच्या ताब्यात होत्या, कष्टकरी कुळे बांधलेली होती, आम्ही त्यांना मुक्त केले, असे चीन म्हणतो. २००९ पासून २८ मार्च हा दिवस तिथे 'भूदासमुक्ती दिन' म्हणून पाळला जातो.

जुन्या तिबेटात विषमता होती. ती झाकण्याचे कारण नाही. पण हा युक्तिवाद आपण आधीही ऐकला आहे. इंग्रजही सांगत होते की आम्ही गेलो तर अस्पृश्यांचे काय होईल. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी त्यांच्याच देशात उभे राहून विचारले की तुमच्या राज्यात आमची स्थिती काय सुधारली? आमची दुःखे आमच्याइतकी कुणी दूर करू शकत नाही आणि राजकीय सत्ता हाती आल्याशिवाय ती आम्हालाही दूर करता येणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वेळी नुसत्या स्वराज्याने भागणार नाही, त्यात दुबळ्यांना हमी हवी, हेही त्यांनी ठणकावले. परकी सत्ता नको आणि आतली वरचढ सत्ताही मोकाट नको, अशी ती दुहेरी मागणी होती. आतली विषमता हे बाहेरच्या सत्तेचे परवानापत्र होत नाही.

निर्वासित तिबेटींनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. दलाई लामांनी २०११ मध्ये आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेतृत्वाकडे सोपवले. त्यांची मागणीही स्वातंत्र्याची राहिलेली नाही. १९८८ च्या स्ट्रासबर्ग प्रस्तावापासून ते चीनच्या चौकटीत खऱ्या स्वायत्ततेची, म्हणजे मध्यम मार्गाची मागणी करत आले आहेत. बाबासाहेबांच्या भाषेत सांगायचे तर राष्ट्राचा दावा बाजूला ठेवून ते संरक्षणाच्या हमीवर समाधान मानायला तयार झाले. चीनचा स्वतःचा कायदा वांशिक स्वायत्ततेचे वचन देतो. तरीही २०१० नंतर अधिकृत बोलण्यांची फेरी झालेली नाही. २०२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी सुमारे दहा लाख तिबेटी मुले निवासी शाळांत घालून त्यांची भाषा आणि संस्कृती पुसली जात असल्याची चिंता व्यक्त केली.

वारसाचा प्रश्न या सगळ्याचा कळस आहे. २००७ मध्ये चीनने नियम केला की सरकारी मंजुरीशिवाय कोणताही अवतार वैध नाही. धर्म न मानणारा पक्ष अवतार मंजूर करणार! मे १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा, गेदुन चोएक्यी न्यिमा, काही दिवसांतच ताब्यात घेतला गेला आणि त्याच्या जागी सरकारने दुसरा बसवला. तो मुलगा त्यानंतर जगाला दिसलेला नाही. समाजाने स्वतःचा नेता निवडायचा आणि सत्तेने त्याच्या जागी आपल्या सोयीचा माणूस उभा करायचा, हा खेळ कसा असतो ते पुणे करारानंतर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता आपली कसोटी

इथपर्यंत सगळे मान डोलावतील. अवघड भाग पुढे आहे. तिबेटी बौद्ध आहेत म्हणून आपण त्यांच्या बाजूने असू, तर सत्ता बौद्धांच्या हाती असेल तेव्हा आपण काय म्हणणार?

श्रीलंकेत १९५६ मध्ये फक्त सिंहली भाषेचा कायदा झाला. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. तमिळांची संघराज्याची मागणी दशकानुदशके नाकारली गेली आणि १९८३ नंतर २००९ पर्यंत देश युद्धात होरपळला. तमिळ वाघांनीही निरपराधांचे बळी घेतले, हे खरे. पण मूळ प्रश्न समान भवितव्यात समान वाटा नाकारण्याचा होता. १९८७ च्या करारातून आलेली तेरावी घटनादुरुस्तीही पूर्णपणे अंमलात आलेली नाही.

म्यानमारमध्ये १९४७ च्या पांगलाँग करारात डोंगराळ भागातल्या लोकांना अंतर्गत स्वायत्तता देण्याचे ठरले होते. पहिल्या घटनेत शान राज्याला दहा वर्षांनी बाहेर पडण्याचा हक्कसुद्धा होता. लष्कराने ते सगळे गुंडाळले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्य रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले आणि २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशात पळाले. काही भिक्खूंनी या द्वेषाला चीवराचा आडोसा दिला. चीवर बघून आपण गप्प बसलो, तर तिबेटबद्दल बोलण्याचा आपला अधिकारही तेवढाच कमी होतो.

आणि आपल्या घरात? मानवी हक्कांच्या १९६६ च्या दोन करारांचे पहिलेच कलम सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क देते. भारत १९७९ मध्ये त्यांत सामील झाला तेव्हा या कलमाला मुरड घालून. हा हक्क परकी सत्तेखालच्या लोकांनाच आहे, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला नाही, अशी आपली नोंद आहे. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्सने तिच्यावर हरकत घेतली. मात्र १९७१ मध्ये याच भारताने बांगलादेशच्या लोकांचा हक्क उचलून धरला, जेव्हा ते सार्वभौम पाकिस्तानचाच एक भाग होते.

लडाखचे लोक देश सोडून जाण्याची भाषा करत नाहीत. २०१९ मध्ये विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाल्यापासून लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुस्लिम एकत्र येऊन राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची मागत आहेत. म्हणजे घटनेच्या आतली मागणी. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये हिंसाचार आणि गोळीबार होऊन चार जण गेले, दोन दिवसांनी सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केले गेले. संरक्षणाची मागणी करणाऱ्या समूहाला शत्रूसारखे वागवणे ही राज्यकर्त्यांची सगळ्यांत महागडी चूक असते. ज्याला समान भवितव्यात जागा मिळते, तो ते भवितव्य नाकारत नाही.

१९७० च्या मैत्रीपूर्ण संबंधांच्या जाहीरनाम्यात राष्ट्रसंघाने हेच कायद्याच्या भाषेत सांगितले आहे. अखंडतेचे कवच तिथे अशा राज्यासाठी आहे, ज्याचे सरकार वंश, पंथ, वर्ण असा भेद न करता सर्व लोकांचे प्रतिनिधित्व करते. सार्वभौमत्वाला अट आहे. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकच्या प्रकरणात हा विचार पुढे नेला. स्वयंनिर्णय साधारणपणे देशाच्या आतच पूर्ण व्हावा. आतली दारे पूर्ण बंद केली गेली तर बाहेर पडण्याचा हक्क येतो का, हा प्रश्न न्यायालयाने उघडा ठेवला.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे साधे आहे. अभ्यासवर्गात पाकिस्तानवरचा ग्रंथ आणि १९५४ चे राज्यसभेतले भाषण शेजारी ठेवून वाचा. थंडीत आपल्या शहरात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी कुटुंबांशी बोला. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे, विदर्भातल्या कार्यकर्त्यांना ती लांब नाही. १० मार्चला त्यांच्या स्मृतिदिनाला जाऊन उभे राहा. आणि त्याच व्यासपीठावरून तमिळांचे, रोहिंग्यांचे, लडाखचे नाव घ्यायला कचरू नका. कोणत्याही समूहाचा प्रश्न समोर आला की तो बौद्ध आहे का हे नंतर विचारा. आपले भवितव्य ठरवताना त्याला कुणी विचारले का, हे आधी विचारा.